‘तुम्ही स्वतः काय ठेवता?’ : जुना कॉम्प्युटर, मे महिना आणि गेमच्या सेटिंग्ज

भाऊ, तू जे विचारलं ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही घोळ असेल तर इथेच दिसेल. हिंगणघाटजवळच्या गावात घर, खोलीवर टिन. ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर घेतला: आय-फाइव्ह ४५७० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, वरून टाकलेलं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड आणि ७५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७५ वेळा चित्र बदलणारा, १०८०पी मॉनिटर. काउंटर-स्ट्राइक २ (नेमबाजीचा), जीटीए ५ आणि युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतोस. यूट्यूबवरच्या ‘बेस्ट सेटिंग्ज’ लावून पाहिल्या, माऊसचे आकडे एका व्यावसायिक खेळाडूचे उचलले, आणि टेबलाचा फोटोही टाकलास. सकाळी बरं चालतं, दुपारी अर्ध्या तासात अडकायला लागतं. नेम कधी पुढे निघून जातो, कधी अलीकडेच थांबतो. आणि शेवटी लिहिलंस, ‘तुम्ही स्वतः काय ठेवता ते सांगा, तेच ठेवतो. पैसे आले की माऊस घेऊ की कंट्रोलर?’

मी दारव्ह्याला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याआधी त्याच गाळ्यात पोरांसाठी गेमिंग कॅफे होता, त्यामुळे एकाच गेमवर वेगवेगळ्या हातांचं काय होतं ते बरंच पाहिलं आहे. माझ्या सेटिंग्ज सांगतो, पण त्या जशाच्या तशा घेऊन तुझं काम होणार नाही. माझ्याकडे रायझन ५ ५६०० आहे, आरएक्स ६६०० कार्ड आहे, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे आणि खोलीला स्लॅब आहे. यूट्यूबवाल्याकडे बहुधा एसी असतो.

तुझी खरी अडचण ‘कोणती सेटिंग चांगली’ ही नाहीच. तुझ्या मशीनचा वेग दर मिनिटाला बदलतो आहे आणि त्या बदलत्या वेगावर तू हात बसवायला पाहतो आहेस. ग्राफिक्स आणि माऊस हे तू दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारलेस. माझ्या मते नेम चुकण्यामागचं अर्धं कारण ग्राफिक्समध्ये आहे आणि उरलेलं टेबलावर.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला गेमची किती चित्रं निघतात तो आकडा, सगळे पाहतात, पण हाताला जाणवतो तो एका फ्रेमला लागलेला वेळ. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला १६.७ मिलिसेकंद. ३० म्हणजे ३३.३. समजा तुझा गेम ९० वर चालतोय आणि धुराचा गोळा फुटला की ४५ वर येतोय. म्हणजे ११ मिलिसेकंदांवरून एकदम २२ वर. त्या क्षणी माऊस हलवल्यापासून चित्र सरकेपर्यंतचा वेळ बदलतो. हाताने जे शिकून ठेवलं ते त्या घटकेपुरतं खोटं पडतं. सतत ६० मिळणारा पोरगा, ४५ ते ९० मध्ये झुलणाऱ्यापेक्षा चांगला नेम धरतो, हे मी कॅफेत पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणून माझी पहिली आवड सांगायची तर ती अल्ट्रा, हाय, लो यांपैकी कुठलीच नाही. आधी फ्रेमची मर्यादा बांधायची, मग त्या मर्यादेत जे बसेल ते चित्र घ्यायचं. विहिरीला जेवढं पाणी तेवढंच ओलीत.

आता दुपारचं बघू, कारण इथे मामला आपल्याकडचा आहे आणि पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत तो सापडणार नाही. कार्डाचं किंवा प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक त्या कामातून होणारी वाढ. काम तेच, पंखा तोच, तर वाढ जवळपास तीच राहते. डिसेंबरच्या रात्री खोलीत १५ अंश असतील आणि मे महिन्यात टिनाखाली ४३, तर आतला आकडाही तेवढाच, २८ अंशांनी वर जातो. थंडीत ५८ वर निवांत चालणारं कार्ड आता ८६ कडे धावतं. जीटीएक्स १० मालिकेतली कार्डं साधारण ८३ अंशांच्या आसपास स्वतःला आवरायला लागतात, आपला वेग खाली आणतात. प्रोसेसरही १०० च्या जवळ गेला की तेच करतो. सेटिंग तीच असते, पण मशीन सकाळचं राहिलेलं नसतं.

त्यात तुझ्या भागात घरोघर कापूस. वेचणी झाली की भाव येईपर्यंत तो घरातच गंजी मारून ठेवतात, बरोबर? मग एक काम कर. कॉम्प्युटर बंद, वायर काढलेली, बाजूचं झाकण उघड. प्रोसेसरवरच्या गोल पंख्याच्या पात्यांमधून टॉर्च मारून खाली बघ. पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पाकळ्या यांच्या मध्ये करडा, जाड, कापडासारखा थर दिसेल. साधी धूळ फुंकर मारली की उडते, कापसाचे तंतू मात्र एकमेकांत अडकून बसतात, आणि वरून कितीही ब्लोअर मारला तरी थर तिथेच राहतो. माझ्या दुकानात हिंगणघाट, वणी, राळेगाव या पट्ट्यातून आलेली मशीन उघडली की पंखा सोडवून तो थर चिमट्याने उचलतो. बऱ्याचदा तो अख्खा, एका तुकड्यात निघतो, पंख्याच्या गोल आकारासकट. पंख्यासोबत ॲल्युमिनियमचा ठोकळाही प्रोसेसरवरून उचललास तर मधली थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) नवी लाव. कार्डाच्या पंख्यावर ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेव, हवेने त्याला भन्नाट फिरू देऊ नको, बेअरिंग जातं. एवढं केल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावू नको, कारण नंतर सगळं पुन्हा करावं लागेल.

कूलरबद्दल एक. कूलरची हवा खोलीत असू दे, पण कॅबिनेट त्याच्या थेट झोतात नको. बारीक थेंब येतात, आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार आत जाऊन बसतो. बाजूला, जमिनीपासून थोडं वर, मागून हवा निघायला जागा ठेवून मांड.

साफसफाई झाली की मर्यादा बांधू. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये २०२० पासून ‘मॅक्स फ्रेम रेट’ म्हणून पर्याय आहे. त्यात गेमनिहाय आकडा टाकता येतो. एमएसआय आफ्टरबर्नर फुकट मिळतं, ते लावून कोपऱ्यात तापमान आणि फ्रेमचा वेळ दिसू दे. आकडा ठरवायचा तो सकाळी नाही. दुपारी दोन वाजता, खोली पूर्ण तापलेली असताना, अर्धा तास खेळून झाल्यावर जो आकडा टिकतो तो तुझा आकडा.

इथे ७५ हर्ट्झच्या मॉनिटरची एक गोम आहे, आणि ती कुणी सांगत नाही. गेम ६० वर बांधला आणि मॉनिटर ७५ वरच राहिला, तर काही फ्रेम पडद्यावर एकदा दिसतात आणि काही दोनदा. आकडा स्थिर असतो, तरी कॅमेरा फिरवताना चित्र हिसके देतं. जीटीए आणि ट्रकसाठी विंडोजमध्ये जाऊन मॉनिटरच ६० हर्ट्झवर आण, मर्यादा ६०, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या ठेक्याला बांधणारी सेटिंग) चालू. हिसके जातात. मॉनिटरला फ्रीसिंक (गेमच्या वेगाप्रमाणे स्वतःचा ठेका बदलण्याची सोय) असेल आणि डिस्प्लेपोर्टची वायर लागत असेल तर हा खटाटोप नको. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने १० मालिकेच्या कार्डांवरही ते चालू दिलं आहे, पण एचडीएमआयवरून या कार्डाला ते जमत नाही. तुझ्या मॉनिटरच्या मागे कोणतं तोंड आहे ते तू लिहिलं नाहीस, म्हणून दोन्ही सांगितलं.

काउंटर-स्ट्राइकला मात्र व्ही-सिंक बंद. फ्रेम थांबवून ठेवल्यामुळे माऊसला जो उशीर लागतो तो तिथे परवडत नाही. पडदा मधून फाटल्यासारखा दिसेल, दिसू दे. मॉनिटर ७५ वर ठेव, रिफ्लेक्स चालू कर (माऊसचा उशीर कमी करणारी एनव्हिडियाची सोय, तुझ्या कार्डावर चालते), आणि मर्यादा अशी बांध की धूर आणि गोळीबाराच्या गर्दीतही आकडा फार खाली येऊ नये.

आता चित्र. आधी ओळख की अडतंय कोण. रिझोल्यूशन ७२०पी वर आण आणि त्याच जागी उभा राहा. फ्रेम वाढल्या तर कार्ड अडत होतं. आकडा हललाच नाही तर प्रोसेसर. तुझा ४५७० म्हणजे २०१३ चा, चार कोर आणि चारच थ्रेड. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बहुतेक वेळा तोच अडेल असं मला वाटतं. तसं निघालं तर एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करणारी सोय) लावून किंवा टेक्स्चर कमी करून काही हाती लागत नाही, फक्त चित्र धूसर होतं.

टेक्स्चर, म्हणजे वस्तूंवर चढवलेली पृष्ठभागाची चित्रं, हा प्रकार बहुतेकांना उगाच घाबरवतो. कार्डाच्या मेमरीत मावतंय तोवर त्याने वेग फारसा घटत नाही. मावेनासं झालं की मग एकदम झटके बसतात. तुझ्याकडे ४ जीबी आहे. जीटीए ५ च्या ग्राफिक्स पानावर वरच मेमरीची पट्टी दिसते, ती भरत आणू नको, बाकी टेक्स्चर हायला खुशाल ठेव. ॲनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ पट. जवळपास फुकट आहे आणि दूरवरचा रस्ता स्वच्छ दिसतो. सावल्या महाग, कार्डालाही आणि प्रोसेसरलाही. कडांचे दाते गुळगुळीत करणाऱ्या दोन सेटिंग्जपैकी जड असलेला एमएसएए या कार्डावर जीटीएत बंदच बरा, हलका एफएक्सएए चालू कर.

जीटीए तपासायचा तर शहरात उभा राहून तपासू नको. लॉस सँटोस या गेममधल्या शहराच्या डांबरी रस्त्यावर गवताची सेटिंग अल्ट्रा ठेवली काय आणि नॉर्मल ठेवली काय, फरक दिसत नाही, आणि पोरं खूश होऊन ती तशीच ठेवतात. ब्लेन काउंटीत, म्हणजे गेममधल्या ग्रामीण भागात, डोंगराच्या उतारावर गवतात गाडी घातली की आकडा धाडकन पडतो. गेममध्येही परीक्षा खेड्यातच होते बाप्पा! गवत नॉर्मल किंवा हाय, त्याहून वर नको. उलट लोकवस्तीची घनता, म्हणजे पॉप्युलेशन डेन्सिटी, शहरात प्रोसेसरला खाते. ती अर्ध्यावर आण. आणि तुझ्याकडे २०१५ ची जुनी आवृत्ती असेल तर तीच खेळ, २०२५ ची नवी तुझ्या मशीनसाठी नाही.

ट्रक सिम्युलेटरमध्ये आरसे बघ. प्रत्येक आरशात जे दिसतं ते गेमला वेगळं काढावं लागतं, म्हणजे एकाच रस्त्याचं चित्र पुन्हा पुन्हा. आरशांची गुणवत्ता मिडीयम आणि त्यातलं अंतर कमी केलंस तर बराच वेळ वाचतो, आणि तो स्केलिंगमध्ये (चित्र आतून किती मोठं काढायचं ते प्रमाण) घाल. मी तिथे स्केलिंग १२५ टक्के ठेवतो, तार आणि कुंपणाच्या रेषा थरथरणं कमी होतं. तुझ्या कार्डावर १०० पासून सुरू कर.

ही झाली मोजमापाची बाजू. निव्वळ आवडीचं विचारशील तर मोशन ब्लर (वेगात चित्र पुसट होणं), फिल्म ग्रेन (सिनेमासारखे दाणे), क्रोमॅटिक ॲबरेशन (कडांना रंगीत झाक) हे तिन्ही मी गेम पहिल्यांदा उघडल्याबरोबर बंद करतो. ग्रेन म्हणजे पैसे देऊन घेतलेल्या स्वच्छ मॉनिटरवर मुद्दाम कचरा टाकणं. पण माझ्या धाकट्या भावाला ब्लर आवडतो, त्याला गाडी जोरात गेल्यासारखी वाटते; कॉम्प्युटर त्याने चालू केला असेल तर मी काही बोलत नाही. डेप्थ ऑफ फील्ड (मागचं दृश्य धूसर करणं) कथा असलेल्या गेममध्ये ठेवतो, नेमबाजीत नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये सावल्या मात्र पार खाली नेऊ नको, कारण कोपऱ्याआडून येणाऱ्याची सावली कधीकधी त्याच्या आधी दिसते. खेळाडूचा उठाव वाढवणारी ‘बूस्ट प्लेअर कॉन्ट्रास्ट’ चालू ठेव. दुपारी दारातून उजेड पडद्यावर येतो म्हणून पोरं गेमची ब्राइटनेस टोकाला नेतात आणि रात्री मग सगळं पांढुरकं दिसतं. त्यापेक्षा टेबल फिरव, पडद्याची पाठ खिडकीकडे जाऊ नये आणि तोंडही नाही, आडवा ठेव.

थोडक्यात क्रम असा: कापूस काढ, तापलेल्या दुपारी मर्यादा ठरव, अडतंय कोण ते ओळख, आणि मग सावल्या, गवत, आरसे यांतून वाचलेला वेळ तुझ्या डोळ्याला जे आवडतं त्यावर घाल. पावसाळा लागला की मर्यादा थोडी वर नेता येईल. मी स्वतः कथेच्या गेमना मे-जूनमध्ये ६० आणि थंडीत १०० ठेवतो. वर्षातून दोनदा बदलतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता हात. पहिलं म्हणजे विंडोजच्या माऊस सेटिंगमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ काढून टाक. नाव मोठं गोड आहे, पण त्यात माऊस जेवढा जोरात हलवशील तेवढा बाण जास्त दूर जातो. काउंटर-स्ट्राइक २ माऊसचा कच्चा आकडाच घेतो, त्यामुळे तिथे त्याचा परिणाम नाही. जीटीएमध्ये मात्र ‘माऊस इनपुट मेथड’ रॉ, म्हणजे कच्च्या, इनपुटवर आणावी लागते. ‘कधी पुढे जातो, कधी अलीकडे थांबतो’ हे तू जीटीएबद्दल म्हणत असशील तर पहिला संशय यावर.

सेन्सिटिव्हिटी. तू त्या व्यावसायिक खेळाडूचे ८०० डीपीआय (माऊस एक इंच सरकला की किती मोजण्या देतो) आणि १.० हे आकडे उचललेस. काउंटर-स्ट्राइकचं गणित सरळ आहे: सेन्सिटिव्हिटी १ असताना माऊसच्या एका मोजणीला ०.०२२ अंश वळतो. पूर्ण ३६० अंश फिरायला ८०० डीपीआयवर साधारण साडेवीस इंच, म्हणजे ५२ सेंटीमीटर माऊस सरकवावा लागतो. त्या खेळाडूसमोर दीड हात रुंद पॅड असतं आणि तो खांद्यापासून हात हलवतो. तुझ्या फोटोत टेबलाच्या अर्ध्या भागावर कीबोर्ड आहे, एका कोपऱ्यात स्टॅबिलायझर आहे, आणि माऊसला उरलीय जेमतेम वहीएवढी जागा. तिथे ५२ सेंटीमीटरचा वळसा म्हणजे माऊस दोन-तीनदा उचलून ठेवणं. त्यात नेम कुठला राहतो?

म्हणून आकडा टेबलावरून काढ. स्टॅबिलायझर आधी खाली ठेव. मग जेवढी मोकळी रुंदी मिळेल ती मोज. समजा ३० सेंटीमीटर आहे, तर मागे वळणं, म्हणजे १८० अंश, त्यातल्या २२ मध्ये बसलं पाहिजे, कडेला थोडी जागा राखून. पूर्ण फेऱ्याला ४४ सेंटीमीटर. ५२ भागिले ४४, म्हणजे १.२ च्या जवळ. रिकाम्या मॅपमध्ये भिंतीवरच्या एका खुणेवर नेम धर, एका सरक्यात मागे वळ, परत ये. खुणेवरच आलास तर ठीक. मग तो आकडा महिनाभर हलवू नको. हरलो की सेन्सिटिव्हिटी बदलायची ही सवय फार पोरांना असते, आणि त्यामुळे हात कशालाच बसत नाही. गेम बदलल्यास मात्र आकडा बदलावा लागतो: व्हॅलोरंटमध्ये तोच वळसा हवा असेल तर काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८ ने भाग.

उन्हाळ्यात घामाने तळहात आणि मनगट टेबलाला चिकटतं, आणि कापडी पॅड दमट झालं की माऊस जड सरकतो. नेम सकाळी एक आणि दुपारी दुसरा, याचं हेही एक कारण. मी मनगटाखाली जुन्या बनियनचा घडी केलेला तुकडा ठेवतो, ओला झाला की बदलतो. पॅड साबणाने धुऊन सावलीत वाळव. आणि प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर थेट माऊस चालवत असशील तर तो आजच बंद कर. फुलांच्या नक्षीवर सेन्सर घसरतो.

कीबोर्डमध्ये मी फार बदल करत नाही. डब्ल्यू-ए-एस-डी तेच, बसण्यासाठी कंट्रोल ऐवजी सी, कारण करंगळी दुखते. एक तपासून बघ: नोटपॅड उघडून तुझ्या खेळातल्या तीन किल्ल्या एकत्र दाब, समजा डब्ल्यू, ए आणि आर. स्वस्त कीबोर्ड काही जोड्यांत तिसरी किल्ली गिळतो. गिळत असेल तर नवा कीबोर्ड नको, ती एक किल्ली दुसरीकडे ने. आणि शिफ्ट पाच वेळा दाबल्यावर जी स्टिकी कीजची खिडकी उघडते ती विंडोजमधून कायमची बंद करून टाक.

आता पैशाचं. माऊस की कंट्रोलर, याच्या आधी रॅम. ८ जीबीची एकच पट्टी म्हणजे मेमरीचा एकच रस्ता चालू. डीडीआर३-१६०० ला तो सेकंदाला १२.८ जीबीचा. तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी लावली की रस्ते दोन होतात आणि एकूण १६ जीबी होते. काउंटर-स्ट्राइक २ ची किमान गरजच ८ आहे, वर विंडोज आणि तुझा ब्राउझर. अमरावती, नागपूरला जुनी डीडीआर३ पट्टी मिळते, फक्त दुकानातच लावून, चालू करून घे. अडकण्यातला मोठा वाटा तिथेच सुटेल.

त्यानंतर माऊस, आणि फार महागडा नको. वायरचा, १००० हर्ट्झ पोलिंगचा (सेकंदाला हजार वेळा खबर देणारा) कुठलाही साधा गेमिंग माऊस आणि मोठं कापडी पॅड. साध्या ऑफिस माऊसची १२५ हर्ट्झ म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एक खबर, याची दर १ ला. ४००० किंवा ८००० हर्ट्झवाले तुझ्या प्रोसेसरवर उलट भार टाकतील. कंट्रोलर सगळ्यात शेवटी, आणि तोही ट्रक आणि जीटीएची गाडी चालवण्यासाठीच. जीटीएमध्ये मजा अशी की दोन्ही एकाच वेळी जोडून ठेवता येतात: गाडीत बसलास की कंट्रोलर उचल, उतरून बंदूक काढली की माऊस. सेटिंगमध्ये काही बदलावं लागत नाही. तोवर ट्रकला कीबोर्डऐवजी माऊसचं स्टिअरिंग लावून बघ, वळणावर गाडी तेवढी झोकांड्या खाणार नाही.

मॉनिटरच्या मागचा आणि झाकण उघडलेल्या पंख्याचा फोटो टाक, मग मर्यादेचा आकडा नेमका सांगता येईल.